ढवळ्याशेजारी पवळ्या

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. गोठ्यातील बैलांच्या बाबतीत ती खरी असेल. धुण्याच्या बादलीत मात्र ती नेमकी उलटी लागू पडते. पांढऱ्या सदऱ्याशेजारी नवे तांबडे पातळ भिजत पडले, तर पातळाचा गुण सदऱ्याला मुळीच लागत नाही. वाण तेवढा लागतो, आणि लागला की सहजी सुटत नाही. म्हणून पांढरे व रंगीत कपडे वेगवेगळे धुवावेत, असा नियम आपल्या आई-आज्यांनी घालून दिला. घरोघर वॉशिंग मशीन आल्यापासून तरुण मंडळी म्हणू लागली आहेत की, हा नियम आता जुना झाला. सगळे एकत्र टाकावे आणि बटण दाबावे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. तेव्हा कोणाचे किती खरे, याचा थोडा शांतपणे विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

वर्गवारीची ही कला पूर्वी परिटाकडे पाहायला मिळे. घरोघरचे कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तो बिब्ब्याच्या रसाने कोपऱ्यात खूण करी. ती खूण कपडा विरला तरी पुसत नसे. धोतरे, पंचे, चादरी असे पांढरे सुती कपडे सोड्याच्या पाण्यातून काढून भट्टीवर चढत. रंगीत कपड्यांना भट्टी वर्ज्य होती, आणि रेशमी वस्त्रांना तर सोडाही वर्ज्य. त्यांच्यासाठी रिठ्याचे पाणी असे. फार मळलेला कपडा आधी वेगळा भिजवला जाई. म्हणजे ही निवड तीन गोष्टी पाहून होत असे : रंग, धाग्याची जात आणि मळ. आपण त्यांतील रंग तेवढा लक्षात ठेवला आणि उरलेल्या दोन गोष्टी विसरलो. त्यातही रंगाचा नियम आपण डोळ्यांना दिसणाऱ्या छटेवरून लावू लागलो. वस्तुतः छटा कोणती यापेक्षा रंग धाग्याला कसा बिलगला आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

दुकानदाराला आपण विचारतो, ‘रंग पक्का आहे ना?’ हा पक्केपणा म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे. माळव्यात पूर्वी आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून तांबडा रंग करीत. तो रंग आपण होऊन कापसाला धरीत नाही. तुरटीचे संस्कार झालेल्या कापडावरच तो बसतो. तुरटी ही रंग आणि धागा यांच्यामधील मध्यस्थ होय. धार जिल्ह्यातील बाग येथील छपाईत तांबड्यासाठी तुरटी आणि काळ्यासाठी लोखंडाचा गंज वापरण्याची परंपरा आहे, आणि रंगवलेले कापड भरपूर पाण्यात आपटून, न बसलेला रंग काढून टाकल्यावाचून ते तयार झाले असे मानीत नाहीत. धुण्याचे अर्धे काम तेथे कारागीरच करून ठेवतो.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने क्विनीन तयार करण्याच्या प्रयत्नात योगायोगाने जांभळा कृत्रिम रंग शोधला आणि रंगांचे युग पालटले. पुढे १८८४ च्या सुमारास जर्मनीत काँगो रेड हा रंग पुढे आला. तुरटीवाचून, केवळ गरम पाण्यात मीठ घालून कापूस रंगवता येऊ लागला. रंगाऱ्याचे काम सोपे झाले; परंतु जो रंग पाण्याबरोबर इतक्या सहज आत शिरतो, तो पाण्याबरोबर बाहेरही येतो. या जातीचे रंग स्वस्त सुती कापडासाठी अजूनही वापरले जातात, आणि ‘कच्चा रंग’ म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो तो पुष्कळदा हाच असतो. १९५६ साली इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग बाजारात आणले. आजच्या बऱ्याच सुती कपड्यांचा पक्केपणा या शोधामुळे आला आहे. मात्र त्यातही एक मेख आहे. रंगवताना थोडा रंग धाग्याशी जुळण्याऐवजी पाण्याशीच जुळतो आणि नुसता कापडावर बसून राहतो. कारखान्यात तो गरम साबणाच्या पाण्याने धुऊन काढायचा असतो. तेथे पाण्याची काटकसर झाली, तर ते धुणे आपल्या मोरीत येऊन पोहोचते. नवा कपडा पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडतो आणि मग थांबतो, याचे कारण हेच. ‘नवे कापड तीनदा वेगळे धू’ असे सांगणाऱ्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण तिचे निरीक्षण अचूक होते.

निळ्या जीनची गोष्ट निराळी. तिच्यातील नीळ पाण्यात विरघळतच नाही. ती धाग्याच्या अंगावर थर देऊन बसते आणि धाग्याचा गाभा पांढराच राहतो. म्हणून ती घासली की झिजते आणि शेजारच्या कपड्यावर, क्वचित सोफ्याच्या अभ्र्यावरही उमटते. उलट पॉलिएस्टरचे कापड फार उंच तपमानावर रंगवलेले असते आणि घरच्या कोमट पाण्यात ते सहसा रंग सोडत नाही. गडद तांबड्या रंगाची पॉलिएस्टरची साडी निरुपद्रवी असू शकते आणि फिकट दिसणारी नवी सुती ओढणी घात करू शकते. दुसऱ्याचा रंग चटकन उचलणाऱ्यांत पांढरा कापूस तर आहेच. पण नायलॉन त्याहूनही हावरे असते.

मग घरी ओळखावे कसे? वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळांत नव्या कापडाला पांढऱ्या कापडाची पट्टी जोडून ते धुतात आणि पट्टीवर लागलेल्या डागावरून १ ते ५ अंक देतात. ५ म्हणजे मुळीच डाग नाही. हीच परीक्षा घरी अर्ध्या मिनिटात होते. कपड्याच्या आतल्या शिवणीची कड साबणाच्या पाण्याने ओली करावी, त्यावर पांढरा रुमाल ठेवून हाताने चांगला दाबावा. रुमाल पांढरा राहिला, तर कपडा बहुतेक विश्वासू समजावा. डाग पडला, तर तो कपडा काही दिवस एकांतवासात ठेवावा आणि प्रत्येक धुण्याच्या वेळी पुन्हा परीक्षा घ्यावी. काठ, अस्तर, भरतकामाचा दोरा यांची परीक्षा वेगळी घ्यावी. कापड पक्के आणि दोरा कच्चा, असा प्रकार अनेकदा आढळतो.

आता तरुण मंडळींचा पक्ष. वर्षभर वापरून धुतलेले, रंग न सोडणारे कपडे थंड पाण्यात एकत्र धुतल्याने फारसे काही बिघडत नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. दोन माणसांच्या घरात चार ढीग करून चार वेळा मशीन चालवणे हा पाण्याचा आणि विजेचा अपव्यय होय. ज्या वस्त्यांत नळाला एक दिवसाआड पाणी येते, तेथे हा विचार गौण नाही. परंतु मळ आणि ताप यांचे भान ठेवावे लागतेच. फरशीचे फडके, लहान बाळाची दुपटी आणि कामावरून आलेला तेलकट पोशाख यांचा रंग एकच असला, तरी त्यांची गाठ घालू नये. नव्या टॉवेलचे तंतू काळ्या विजारीवर चिकटतात, म्हणून टॉवेलही वेगळेच बरे. आणि पाणी जितके गरम, भिजवण जितकी लांब, तितका कच्चा रंग अधिक सुटतो. रात्रभर सगळे एकत्र भिजत घालण्याची सवय म्हणूनच घातक आहे. धुऊन झालेले ओले कपडे मशीनमध्ये तासन्‌तास गोळा होऊन पडू देणे, हेही तसेच.

पाणी वाचवून नियम पाळण्याची एक उत्तम युक्ती आपल्या गृहिणींनी केव्हाच शोधली आहे. दोन टाक्यांच्या मशीनमध्ये त्याच साबणाच्या पाण्यात प्रथम पांढरे, नंतर फिकट, मग गडद आणि सर्वांत शेवटी पायपुसणी, अशा क्रमाने कपडे टाकतात. पाणी एकदाच भरले जाते आणि कोणावर कोणाचा रंग चढत नाही. कपड्यांची निवड म्हणजे अनेक फेऱ्या असे नव्हे. पुष्कळदा ती नुसता क्रम असते. या क्रमात नव्या आणि संशयित कपड्याने मात्र बसू नये. त्याची बादली वेगळी. आपल्या इंदुरात रंगपंचमीच्या गेरीतून परतलेल्या मंडळींचे कपडेही याच संशयितांत मोडतात. ते आधी कोरडेच झटकावेत, साध्या पाण्यातून दोनदा काढावेत आणि मगच साबणाचा विचार करावा.

ज्या वस्त्रात ढवळ्या आणि पवळ्या एकाच दाव्याला बांधलेले असतात, त्याचे काय? अहिल्याबाईंच्या महेश्वरची साडी घ्या. अंग फिकट, काठ गडद, कधी उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे. येथे निवड करता येत नाही. वेळेवरच ताबा ठेवावा लागतो. अशी साडी पहिल्यांदा धुताना भिजत ठेवू नये. भरपूर थंड पाण्यात, रेशमाला मानवेल अशा सौम्य द्रवात, दोन-तीन मिनिटांत हालवून काढावी, पिळू नये, आणि घडी न घालता लगेच सावलीत पसरावी. नुकसान बहुधा धुताना होत नाही. ओली घडी पडून राहिली की काठाचा रंग अंगावर उतरतो. चंदेरीसारख्या साईच्या रंगाच्या वस्त्रांना आणखी एक धोका असतो. पांढऱ्या कपड्यांना चमक यावी म्हणून साबणपुडीत जे उजळक मिसळलेले असतात, ते अशा वस्त्रावर बसून त्याची मूळची ऊबदार छटा निळसर करून टाकतात. आजीच्या लग्नातील जरीचे पातळ असेल, तर घरचे प्रयोग न करता जाणत्याच्या हाती द्यावे.

नव्या कपड्याचा रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात तो बुडवण्याची पद्धत सर्वत्र आहे. मिठामुळे काही रंगांचे सुटणे त्या वेळेपुरते मंदावते, परंतु कच्चा रंग कायमचा पक्का होत नाही. व्हिनेगरचा थोडा उपयोग रेशीम व लोकर यांच्या आम्ल रंगांना होतो, सुताला नाही. तुरटी ही रंगवण्याच्या वेळीच कामाची, नंतर नव्हे. न बसलेला रंग धुऊन काढणे, हाच खरा उपाय. आणि डाग पडलाच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तो कपडा वाळू देऊ नये आणि त्यावर इस्त्री फिरवू नये. ओला असतानाच पुन्हा धुतला, तर पुष्कळदा रंग निघतो. पांढऱ्या व पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांना ऑक्सिजन सोडणाऱ्या पुडीचे पाणी चालते. क्लोरीनचे द्रव्य फक्त पांढऱ्या सुतालाच, आणि रेशीम-लोकरीला कधीही नाही.

इतके सारे एका धुण्यासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या शाळेच्या गणवेशातील सदरा पांढरा आहे. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्याच्या उन्हात सहावीतील एक मुलगा प्रार्थनेला स्वेटर घालून उभा राहू लागला. चौकशी केली, तेव्हा तो काही बोलेना. शेवटी स्वेटर काढला, तर सदऱ्यावर खांद्यापासून पोटापर्यंत गुलाबी ढग उमटलेले. बहिणीच्या नव्या ओढणीबरोबर तो भिजत पडला होता. त्याची आई चार घरची धुणी करी; दुसऱ्यांचे कपडे निवडून धुणाऱ्या त्या माउलीला रात्री स्वतःच्या घरचे दोन ढीग करण्याचे त्राण उरत नसे. सदरा एकच होता. शाळेच्या कपाटातून त्याला दुसरा दिला, हे काही विशेष नव्हे. परंतु ज्याच्या घरी दहा सदरे आहेत, त्याच्या एका सदऱ्यावर डाग पडला तर तो घरात वापरायला जातो. ज्याच्याकडे एकच आहे, तो मुलगा प्रार्थनेच्या रांगेत मागे सरकतो. निष्काळजीपणाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

त्या आईचे त्राण आम्हांला दुसऱ्या एका प्रश्नाकडे नेते. आपल्या घरांत ही निवड करते कोण? मशीनने आपटणे आणि पिळणे वाचवले, परंतु खिसे तपासणे, उलटसुलट करणे आणि रंगवार ढीग लावणे हे काम अजून बहुधा एकाच व्यक्तीकडे राहिले आहे, आणि ते दिसत नसल्यामुळे कामात मोजलेही जात नाही. एक डाग पडला, म्हणजे मात्र ते सर्वांना दिसते. यावर उपाय साधा आहे. न्हाणीघराशेजारी दोन टोपल्या ठेवाव्यात, एक पांढऱ्या कपड्यांची आणि एक रंगीत. नव्या कपड्यांसाठी खुंटीवर एक पिशवी लटकवावी. ज्याने कपडा अंगातून काढला, त्यानेच तो योग्य जागी टाकावा. पाच वर्षांच्या मुलाला पांढरे आणि रंगीत ओळखता येते. पन्नाशीच्या गृहस्थाला येत नाही असे मानण्याचे कारण नाही. आपला सदरा काढल्यावर तो टोपलीपर्यंत नेणे, एवढी अपेक्षा घरातील कर्त्या पुरुषाकडून करणे फार होईल, असे आम्हांस वाटत नाही.