मक्याच्या परागकणांतील प्रथिने व वाणांचे वर्गीकरण
परागकणांतील प्रथिनांची तुलना करून मक्याच्या (शास्त्रीय नाव झीया मेझ) वाणांमधील साम्य, भेद व आप्तभाव ठरविण्याची पद्धत. ई. एल. स्टर्टेव्हंट यांचे १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेले मक्याचे वर्गीकरण मुख्यत्वे दाण्यातील पुष्काच्या (गर्भाला पोषणाऱ्या अन्नांशाच्या) स्वरूपावर आधारलेले होते. तथापि दाण्याचा गोडपणा एखाद्या जीनातील (आनुवंशिक घटकातील) बदलानेही येतो; त्यामुळे दूरचे वाण एकाच गटात पडतात. झाडाची उंची, कणसाची लांबी ही लक्षणे जमीन व हवामान यांनुसार बदलतात. प्रथिनाची मूळ संरचना मात्र जीनामुळे ठरते.

मक्याची नर-पुष्पे शेंड्यावरील तुऱ्यात असल्याने पराग विपुल व सहज मिळतो. परागकण (व्यास सु. ९०–१०० मायक्रोमीटर) एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेला असतो. अल्कोहॉल डीहायड्रोजनेज हे एंझाइम दोन घटक जुळून बनते. त्याचे भिन्न प्रकार असलेल्या दोन वाणांच्या संकरजाच्या बीजांकुरात तीन पट्टे दिसतात : दोन जनकांचे व एक मिश्र. परागात मिश्र पट्टा आढळत नाही, कारण एका कणात दोहोंपैकी एकच जीन असतो.

परीक्षेसाठी ताजा पराग थंड विद्रावात घोटून अर्क काढतात. स्टार्च किंवा पॉलिॲक्रिलमाइड यांच्या जेलमधून विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने त्यातील प्रथिने विद्युत् भार व आकारमान यांनुसार अलग करतात आणि रंजकाने पट्टे दृश्य करतात. समान पट्ट्यांच्या प्रमाणावरून वाणांचे गट पाडतात.

संकरित बीजोत्पादनात मादी-जनकाचे तुरे वेळीच न खुडल्यास स्वपरागणाने भेसळ होते. अशा झाडांच्या परागात एकाच जनकाचे पट्टे दिसतात. मात्र हा पडताळा झाड फुलोऱ्यावर आल्यावरच मिळतो; पेरणीपूर्वी दाणे किंवा अंकुरच तपासावे लागतात. शिळ्या परागात प्रथिनांचा ऱ्हास होतो, भिन्न प्रथिने क्वचित एकाच जागी येतात व मुक्त परागणाच्या वाणांत झाडागणिक फरक असल्याने अनेक झाडे तपासावी लागतात. निकट आप्त वाण ओळखण्यास आता डीएनए-चिन्हके अधिक उपयुक्त ठरली आहेत. प्रथिन-परीक्षा त्यांना पूरक होय.