चार चौकटींची चेष्टा

डॅगवूड बमस्टेड आज पुन्हा उशिरा उठला आहे. टाय सावरत तो धावत दाराबाहेर पडतो आणि समोरून येणाऱ्या पोस्टमनवर आदळतो. पत्रे हवेत उडतात. कचेरीत टेबलावर डोके टेकून झोपलेला असताना मिस्टर डिदर्स त्याला पकडतात आणि नोकरीवरून काढण्याची धमकी देतात. मध्यरात्री तो फ्रिज उघडतो आणि हातभर उंचीचे सँडविच रचतो. चिक यंग यांनी ‘ब्लाँडी’ ही कॉमिक स्ट्रिप ८ सप्टेंबर १९३० रोजी सुरू केली. १९७३ मध्ये यंग यांचे निधन झाले आणि मालिका त्यांच्या मुलाने पुढे नेली. दरम्यान महायुद्ध झाले, माणूस चंद्रावर जाऊन आला, पत्रे लिहिण्याची रीतच मागे पडली. पण त्या पोस्टमनला त्या घराचे दार टाळण्याची अक्कल काही आली नाही.

वृत्तपत्रांतील चित्रमालिकांमधल्या विनोदाला हसण्यापेक्षा त्या मालिकांनाच हसणे अधिक सोपे आहे. त्यात गंमत अशी की, त्यांना सर्वांत मनापासून हसणारा माणूस त्यांचा सर्वांत निष्ठावंत वाचक असतो. पोस्टमनची टक्कर पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती साधी टक्कर वाटते. हजाराव्यांदा पाहणाऱ्यालाच ती हास्यास्पद वाटू शकते. म्हणजे थट्टेचा अधिकार मिळवण्यासाठी आधी नऊशे नव्याण्णव टकरी इमानेइतबारे वाचाव्या लागतात.

या मालिका अशा एकाच जागी का थबकतात, याचे उत्तर चित्रकारांच्या आळसात नाही, धंद्याच्या रचनेत आहे. अमेरिकेत चित्रमालिका सहसा एका वृत्तपत्रासाठी काढली जात नाही. सिंडिकेट नावाची वितरणसंस्था ती शेकडो वृत्तपत्रांना एकाच वेळी पुरवते. चित्रे कित्येक आठवडे आधी तयार ठेवावी लागतात, त्यामुळे ताज्या घडामोडींवर भाष्य करण्याची सोय नाही. वाचक त्या चौकटींना चहाच्या दोन घोटांमधला वेळ देतो. काल त्याने अंक वाचला होता की नाही, हेही ठाऊक नसते. तेव्हा पात्र दिसताक्षणी ओळखू आले पाहिजे: तोच सदरा, तोच सोफा, तीच खोड. चार्ली ब्राउनच्या सदऱ्यावरची नागमोडी पट्टी हा त्याचा पोशाख नसून ओळखपत्र आहे. शिवाय एखादी जुनी मालिका बंद केली, की अग्रलेखावर कधी चकार शब्द न लिहिणारे वाचकही संपादकाला रागावून पत्र लिहितात. परिणामी मूळ चित्रकार निवृत्त होतो, निवर्ततो, आणि पात्रे मात्र वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातात.

मराठी वाचकाला हे काही परके नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये अवतरला. तेव्हा त्याच्या बरोबरीने शाळेत असलेली मुले आता स्वतःच्या मुलांचा गृहपाठ घेत आहेत. चिंटू मात्र वर्षानुवर्षे शाळकरीच राहिला.

या साचेबंदपणाची पहिली आणि उत्तम चेष्टा बाहेरच्यांनी नव्हे, घरच्यांनीच केली. ‘बीटल बेली’ ही सैनिकी छावणीतल्या आळशी जवानाची मालिका १९५० पासून काढणारे मॉर्ट वॉकर यांनी आपल्याच व्यवसायाच्या खुणांना थट्टेने भारदस्त नावे दिली. शिव्यांच्या जागी येणारी चक्रे, चांदण्या आणि वेटोळी म्हणजे ‘ग्रॉलिक्स’. घाबरलेल्या माणसाच्या डोक्याभोवती उडणारे घामाचे थेंब म्हणजे ‘प्ल्यूड्स’. पळणाऱ्याच्या मागे उरलेला धुळीचा लोट म्हणजे ‘ब्रिफिट’. १९८० मध्ये त्यांनी ‘द लेक्सिकॉन ऑफ कॉमिकाना’ नावाचा या शब्दांचा कोशच काढला. हेतू शास्त्रीय परिभाषेची टवाळी करण्याचा होता. पण शब्द इतके नेमके निघाले, की अभ्यासक ते गांभीर्याने वापरू लागले. २०१८ मध्ये वॉकर गेले. ग्रॉलिक्स शिल्लक आहेत आणि बीटलला सार्जंटचा मार अजूनही बसतो आहे.

त्याच्याही आधी अ‍ॅल कॅप यांनी एक अफाट उद्योग केला होता. ‘लिल अ‍ॅब्नर’ या त्यांच्या मालिकेचा खेडवळ नायक स्वतः एका चित्रमालिकेचा भक्त आहे. १९४२ पासून कॅप यांनी मालिकेच्या पोटातच ती दुसरी मालिका रंगवली. तिचा नायक फिअरलेस फॉस्डिक म्हणजे चेस्टर गूल्ड यांच्या ‘डिक ट्रेसी’ या गाजलेल्या गुप्तहेराचे उघड विडंबन. जबडा तोच, टोपी तीच. फरक इतकाच, की फॉस्डिकच्या देहाला गोळ्यांनी चाळणीसारखी आरपार भोके पडतात आणि तो ती किरकोळ जखम समजून कामावर हजर होतो. कॅप यांनी पुढे कडी केली. फॉस्डिक जे करील ते मीही करीन, अशी अ‍ॅब्नरची प्रतिज्ञा होती. १९५२ मध्ये फॉस्डिक बोहल्यावर चढला आणि बिचाऱ्या अ‍ॅब्नरला वर्षानुवर्षे मागे लागलेल्या डेझी मेशी लग्न करावे लागले. फॉस्डिकचे लग्न नंतर स्वप्न ठरले. अ‍ॅब्नरचे खरे होते. वाचकाच्या भाबडेपणाची याहून प्रेमळ थट्टा सापडणे कठीण.

१९५७ मध्ये कॅप यांनी ‘मेरी वर्थ’ या उपदेशप्रिय आजीबाईंच्या मालिकेला ‘मेरी वर्म’ करून टाकले. प्रत्युत्तरादाखल ‘मेरी वर्थ’मध्ये हॅल रॅप नावाचा एक मद्यपी, उद्धट व्यंगचित्रकार अवतरला. वाचकांना हे हाडवैर वाटले. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी आधी ठरवून केलेला तो खेळ होता.

सगळीच चेष्टा अशी गुदगुल्यांपुरती नसते. हार्वी कर्ट्झमन यांच्या संपादनाखालील ‘मॅड’ने १९५४ मध्ये ‘ब्रिंगिंग अप फादर’ या १९१३ पासून चाललेल्या मालिकेचे विडंबन छापले. मूळ मालिकेचा विनोद एकाच गोष्टीवर उभा होता: अचानक श्रीमंत झालेला जिग्ज जुन्या मित्रांकडे पळतो आणि त्याची बायको मॅगी त्याला लाटण्याने बडवते, बशा फेकून मारते. ‘मॅड’ने एक पान विल एल्डर यांच्याकडून हुबेहूब मूळ शैलीत काढून घेतले आणि पुढचे पान बर्नार्ड क्रिग्स्टाइन यांच्याकडून वास्तव शैलीत. एका पानावर बशी फुटते आणि हसू येते. पान उलटावे तर तोच मार खाऊन विव्हळणारा, जखमी माणूस समोर असतो. चाळीस वर्षे घरोघरी हसून वाचलेल्या विनोदात मारहाण होती, हे दाखवण्यासाठी कर्ट्झमन यांना प्रवचन द्यावे लागले नाही. रेषा बदलली, एवढेच.

इंटरनेट आल्यावर थट्टेचे हे हत्यार वाचकांच्या हाती पडले आणि खरा पेच तिथे उभा राहिला. बिल कीन यांची ‘द फॅमिली सर्कस’ ही १९६० पासूनची गोल चौकट म्हणजे सोज्वळतेचा कळस: चार गोजिरी मुले, सोशिक आई-बाबा आणि अधूनमधून स्वर्गातून डोकावणारे आजोबा. १९९० च्या दशकात एका तरुणाने त्यातली चित्रे मथळे पुसून संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना नवे मथळे सुचवायला सांगितले. लोकांनी सुचवलेले मथळे बहुधा काळे, अनेकदा ओंगळ होते. १९९९ मध्ये सिंडिकेटच्या वकिलांची नोटीस आली. तरुणाची लढण्याची तयारी होती. विडंबन हा आपला हक्क आहे, असे तो मानत होता. मग स्वतः कीन यांच्याशी त्याचे दूरध्वनीवर बोलणे झाले. पलीकडे कोणी कंपनी नव्हती. आपल्याच बायकामुलांवरून ती पात्रे बेतणारा एक सभ्य, वयस्कर माणूस होता. तरुणाने संकेतस्थळ स्वतःहून बंद केले.

कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर होते, यावर वाद घालता येईल. १९७१ मध्ये मिकी माऊसला भलत्याच उद्योगांत रंगवणाऱ्या चित्रकारांना डिस्नेने न्यायालयात खेचले, तो खटला जवळजवळ दशकभर चालला. पण कीन यांच्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयाबाहेर झाला, आणि तो अधिक विचार करायला लावणारा आहे. थट्टा चित्राची होती, दुखावत होते एक घर. आचार्य अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ उधळली तेव्हाही हीच सीमारेषा होती: कवितेच्या लकबीची टोपी उडवायची, की कवीच्या माणूसपणाची? अत्रे बहुतेक वेळा लकबीशी थांबले, म्हणून ती विडंबने आजही वाचवतात.

जिम डेव्हिस यांचा अनुभव उलटा. त्यांचा ‘गारफिल्ड’ हा लठ्ठ, आळशी बोका १९७८ मध्ये ४१ वृत्तपत्रांतून सुरू झाला आणि पुढे अडीच हजारांहून अधिक वृत्तपत्रांत पोहोचला. २००८ मध्ये डब्लिनच्या डॅन वॉल्श यांनी त्या चित्रांतून बोकाच खोडून टाकायला सुरुवात केली. गारफिल्ड कधी तोंडाने बोलत नाही, केवळ मनात बोलतो; त्यामुळे तो पुसला तरी त्याचा मालक जॉन याच्या बोलण्यात काहीच बदलत नाही. बदलते ते एवढेच, की जॉन आता रिकाम्या खोलीत बोलत असतो. स्वतःलाच प्रश्न विचारतो, थांबतो, भिंतीकडे पाहतो. एका गुबगुबीत विनोदी मालिकेतून एकाकी माणसाची कहाणी निघाली. डेव्हिस चिडले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या संमतीने या चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्यात बोका असलेली मूळ चित्रेही शेजारी छापली गेली. अर्थात, अडीच हजार वृत्तपत्रे पाठीशी असताना दिलदारपणा थोडा स्वस्त पडतो, हेही खरे.

व्यंगचित्रकारांनी एकमेकांची खोडी काढण्याचा सर्वांत मोठा दिवस १ एप्रिल १९९७. त्या दिवशी ४६ मालिकांच्या चित्रकारांनी वाचकांना पूर्वसूचना न देता एकमेकांच्या मालिका काढल्या. ‘ब्लाँडी’ डेव्हिस यांनी रेखाटली आणि ‘गारफिल्ड’ ‘ब्लाँडी’च्या मंडळींनी. कीन यांनी ‘डिल्बर्ट’ काढले, तर ‘डिल्बर्ट’चे स्कॉट अ‍ॅडम्स ‘फॅमिली सर्कस’च्या गोलात शिरले. दोन वर्षांनी ज्यांच्या नावे नोटीस निघाली, तेच हे कीन.

आता ही सारी चेष्टा ज्या पानावर चालायची, ते पानच आक्रसत चालले आहे. २०२२ मध्ये ‘ली एंटरप्रायजेस’ या अमेरिकी समूहाने आपल्या सत्तरहून अधिक दैनिकांतील चित्रमालिका कमी करून सर्वत्र एकच ठरावीक संच लागू केला. पुढच्याच वर्षी ‘गॅनेट’ समूहाने तोच मार्ग धरला. स्टीफन पास्टिस यांच्या ‘पर्ल्स बिफोर स्वाइन’मधून वारसाहक्काने चाललेल्या जुन्या मालिकांची वर्षानुवर्षे टिंगल होत आली आहे. या मालिका उठल्या, तर नव्यांना जागा मिळेल, अशी तक्रार तिच्यामागे होती. ती तक्रार रास्त होती. पण जागा उरलीच नाही, तर कोणाला उठवणार?

याच पास्टिस यांच्या मालिकेत जून २०१४ मध्ये लिब नावाची दुसरीतली एक मुलगी आली. तुम्हाला चित्रे काढता येत नाहीत, असे तिने पास्टिस यांना तोंडावर सुनावले आणि स्वतः पेन हातात घेतले. ४ ते ६ जून असे तीन दिवस त्या चौकटींतील काही चित्रे अचानक अप्रतिम दिसू लागली. ती बिल वॉटरसन यांनी काढली होती. ३१ डिसेंबर १९९५ रोजी ‘कॅल्विन अँड हॉब्स’ आपल्या हातांनी बंद करून ते वृत्तपत्रांतून नाहीसे झाले होते. मालिका वारसांकडे जाऊ न देणाऱ्या थोड्यांपैकी ते एक. तीन दिवस उलटल्यावरच पास्टिस यांनी गुपित फोडले. त्या मूळ चित्रांचा पुढे लिलाव झाला आणि आलेली रक्कम पार्किन्सनवरील संशोधनाला गेली.