तेलाखालचं मीठ

कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात आजोबांची परवान्याची रायफल होती. मृग लागण्याआधी ते तिच्या नळीत भरपूर तेल सोडत, तोंडात चिंधीचा बोळा बसवत आणि ती कातडी म्यानात घालून माळ्यावर ठेवत. खंडेनवमीला ती पूजेसाठी खाली येई. एका वर्षी वडिलांनी नळी उजेडाकडे धरली, तर आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे. तेल तर होतं; मग गंज आला कुठून? या प्रश्नानं मला पुढं बरीच वर्षं कामाला लावलं.

तेल देण्याची रीत जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखलं जातं. त्यातल्या दुर्गप्रकरणात पावसाळ्याची तजवीज सांगितली आहे: तोफांना तेल-मेण द्यावं, काने मेणानं बुजवावेत, वर झापं घालावीत. काना म्हणजे बत्ती द्यायचं छिद्र. हवा आणि पाणी धातूपर्यंत पोचू द्यायचं नाही, हा त्यातला विचार अचूक आहे. पण तेलाखाली काय उरलं आहे, यावर पुढचं सारं ठरतं.

लोखंडाला गंजायला पावसात भिजावं लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांपलीकडे गेली की पृष्ठभागावर पाण्याचा न दिसणारा थर धरतो. पुण्याचा आषाढ-श्रावण ही मर्यादा सहज ओलांडतो. त्यात क्षार असले की गंज झपाट्यानं वाढतो. सोरा, गंधक आणि कोळशाची जुनी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपात उरतं आणि ही राख ओल ओढते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली, राख घटली. पण काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट राहिलं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ.

मीठ तेलात विरघळत नाही. ते विरघळतं पाण्यात. आजोबांनी नळी न धुता तेल दिलं आणि मीठ आतच कोंडलं. बोळ्यानं आणि कातड्यानं ओल धरून ठेवली. शेजारच्या तांबट आळीत कोणीही सांगितलं असतं की भांडं घासल्याशिवाय कल्हई धरत नाही. ब्रिटिश फौजेतले शिपाई ली-एनफील्डच्या नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतत, ते याचसाठी. उकळत्या पाण्यात क्षार लवकर विरघळतात आणि तापलेली नळी आपोआप सुकते. गंज टाळायला आधी पाणीच लागतं, हे मला फार उशिरा उमगलं. क्रम असा: पाणी, कोरडी चिंधी, मग तेलाचा पातळ हात.

पातळच का, याचं उत्तर नेमात आहे. नळीतले पिळदार आटे गोळीला पकडून फिरवतात. नळीत तेल साचलेलं असेल तर पहिली गोळी भलतीकडे जाते, शिवाय नळीतला दाबही वाढू शकतो. म्हणून झाडण्यापूर्वी नळी कोरडी पुसायची. गज शक्यतो मागून, काडतूस भरतात त्या बाजूनं घालायचा. गोळीचा शेवटचा स्पर्श नळीच्या तोंडाच्या कडेला होतो. तिथं घासून ओरखडा पडला तर नेम कायमचा बिघडतो. अति सफाईनंही नळी मरते.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटरचं. आता टोप्यांतून क्लोरेट गेलं आहे आणि या खेळातल्या शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं. त्याचा समतोल थर नळीत बसला की गोळ्या एकवटतात. सफाईनंतर तो थर पुन्हा बसायला काही गोळ्या खर्चाव्या लागतात, म्हणून अनेक नेमबाज नळी उगाच घासत नाहीत.

मला आता खंडेनवमी वेगळी दिसते. चार महिन्यांच्या ओलीनंतर, सीमोल्लंघनाच्या आदल्या दिवशी, हत्यार म्यानातून काढून उजेडात धरायचं. आमच्या घरी हळदकुंकू लागत होतं, नळीत डोकावणं मात्र राहून गेलं होतं.