झिजलेली स्लाइड

भोसरीच्या गोदामात ते जुनं मिलिंग मशीन ताज्या हिरव्या रंगात उभं होतं. जुन्या मशीनवर नवा रंग दिसला की आमचे आण्णा सावध होतात. त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, टेबलाखालच्या स्लाइडवरचं ग्रीस पुसलं आणि तिच्यावरून नख आडवं फिरवलं. मग हँडल धरून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेलं. मध्यावर हँडल सैल फिरत होतं, दोन्ही टोकांना जड.

"सगळ्यांनी मधेच काम केलंय," ते म्हणाले.

वाइस टेबलाच्या मध्यावर बसवायचा, ही सगळ्या वर्कशॉपांची सवय. त्यामुळे वर्षानुवर्षं स्लाइडचा मधला पट्टाच घासत राहतो. तिथला ढिलेपणा काढायला गिबची पट्टी आवळली, तर टोकाला टेबल अडकतं. हँडलच्या या जड-सैलपणात मशीनचं खरं वय कळतं. स्पिंडल अर्धा तास चालवून बेअरिंगवर हात ठेवला, कोमट लागलं. डायल लावून टेबलाचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रूची मोकळीक, पाहिला, तर जवळजवळ ०.४ मिलिमीटर. मशीन एचएमटीच्या पिंजोर कारखान्यातलं. ही कंपनी घरोघरी पोचली घड्याळांमुळे, पण १९५३ मध्ये सुरू झाली ती यंत्रं बनवणारी यंत्रं करायला. तिचं नावच हिंदुस्थान मशीन टूल्स. भंगारापेक्षा थोड्या चढ्या भावात सौदा ठरला आणि टनावारी वजनाचं ते धूड टेम्पोतून सांगवीला आलं.

बारामती-फलटण रस्त्याच्या या पट्ट्यात कामं यायची ती उसाच्या अनुषंगाने: ट्रॉलीचे हब, पंपाचे शाफ्ट, रसवंतीच्या घाण्याचे गिअर. लेथ घरचा होता, मिलिंगसाठी मात्र बारामतीच्या एमआयडीसीत नंबर लावावा लागे. नवं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आमच्या आवाक्याबाहेरचं. जुनं घेऊन त्याला कॉम्प्युटर जोडावा, असा विचार मी केला, आणि आपण काहीतरी जुगाड करतोय असं मला वाटत होतं. पुढे वाचनात आलं की सीएनसीचा पूर्वजसुद्धा असाच जन्मला. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अचूक साचे कापता यावेत म्हणून मिशिगनच्या जॉन पार्सन्स यांनी ही कल्पना मांडली. एमआयटीच्या प्रयोगशाळेने सिनसिनाटी कंपनीचं हायड्रो-टेल हे तयार मिलिंग मशीनच घेतलं, त्याला मोटरी आणि व्हॅक्यूम ट्यूबचा कंट्रोल जोडला, आणि १९५२ मध्ये ते छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालवून दाखवलं. हे कळल्यावर माझी भीड चेपली.

माझा भाचा आयटीआय झालेला. तो म्हणाला, "मामा, बॅकलॅश सॉफ्टवेअरमध्ये भरता येतो. स्क्रू कशाला बदलायचा?" खर्च वाचत होता, म्हणून जुन्या स्क्रूलाच मोटर लावून पाहिली. ॲल्युमिनिअमच्या तुकड्यावर गोल कापायला घेतला. गोल कापताना चार ठिकाणी कुठला तरी एक अक्ष उलटा फिरतो. पहिल्याच ठिकाणी कटरने टेबल स्वतःकडे ओढलं आणि एंडमिल कडकन तुटली. सॉफ्टवेअरने स्क्रूची मोकळीक मोजून भरली होती, पण त्या मोकळिकीत टेबलाला धरून ठेवणारं कोणी नव्हतं. आण्णा तेवढ्याच सैल स्क्रूवर नेमकं काम करतात, कारण ते नेहमी एकाच बाजूने मापावर येतात, दुसरा हात लॉकवर असतो आणि कटरचा आवाज बदलला की हँडल आपोआप थांबतं. मशीनची झीज त्यांचा हात सांभाळून घेत होता. कॉम्प्युटरला मशीन मुळातच नीट लागतं.

मग बॉल स्क्रू आणले. नट आणि स्क्रूच्या मधे गोळ्या फिरतात, त्यामुळे घर्षण अगदी कमी. तोच त्यांचा तोटाही. टेबलाला खालून तोलणारी ‘नी’ जुना स्क्रू वीज गेली तरी जागेवर धरून ठेवायचा. बॉल स्क्रूवर ती स्वतःच्या वजनाने खाली सरकते. त्या अक्षाला ब्रेकची मोटर घ्यावीच लागली.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते टेबल ज्यावर सरकतं त्या सॅडलने. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले एक काका स्क्रेपर घेऊन आले. सरफेस प्लेटला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि ती सॅडलवर घासायची. जिथे लोखंड उंच, तिथे निळा ठिपका उठतो. तेवढा ठिपका स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचं, पुन्हा रंग. एका वेळी निघतात जेमतेम काही मायक्रॉन. पहिल्या दिवशी सॅडलवर चारच मोठे डाग उठले होते. आठव्या दिवशी प्रत्येक चौरस इंचात दहा-बारा ठिपके मोजता आले. ठिपक्यांच्या मधल्या खोलगट जागेत तेल थांबतं, म्हणून अगदी आरशासारखं गुळगुळीत करायचं नसतं. काका बोलायचे कमी. कानस मागितली की मला कळायचं, कोपरा राहिलाय.

त्या मानाने इलेक्ट्रॉनिक्स लवकर आटोपलं. मोटरचे ड्रायव्हर आणि वायरी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणल्या. लिनक्ससीएनसी हे कंट्रोलचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पॅरलल पोर्ट असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर छान चालतं. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं, ड्रायव्हरने प्रत्येकाचे दहा भाग केले, स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका पल्सला ०.००२५ मिलिमीटर. हा झाला कागदावरचा हिशेब. मशीन मात्र मधेच उगाच थांबायचं. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा विजेचा गोंगाट लिमिट स्विचच्या वायरीत शिरत होता. शील्डवाली केबल टाकून तिचं एकच टोक अर्थ केलं, अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला, तेव्हा थांबलं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालणं आता रोजच्या कामात आलं आहे.

पुन्हा गोल कापला. आडवा आणि उभा व्यास मोजला, फरक ०.०३ मिलिमीटर. त्यातला बराचसा टेबलाच्या झिजलेल्या मधल्या पट्ट्यातून येत होता. एवढी लांब स्लाइड हाताने स्क्रेप करणं काकांच्याही आवाक्याबाहेरचं होतं आणि ग्राइंडिंगला पाठवायला पैसे उरले नव्हते.

आण्णांनी वाइसचे बोल्ट सैल केले आणि तो मध्यावरून उचलून टेबलाच्या डाव्या टोकाकडे बसवला. तिथे खालच्या स्लाइडवर कारखान्यातल्या मूळ स्क्रेपिंगचे ठसे अजून दिसतात. भाच्याने कंट्रोलरमधलं शून्य तिकडे नेलं, आणि आठ भोकांच्या फ्लँजचं पहिलं गिऱ्हाइकाचं काम आम्ही त्याच जागेवर लावलं.