हात गुंतलेले, कान मोकळे

२८९ मिनिटं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या भारतीय स्त्रीचा दिवसातला सरासरी एवढा वेळ त्यात जातो, असं केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आढळलं. पुरुषांचा आकडा ८८ मिनिटांचा, आणि तोही जे पुरुष ही कामं करतात त्यांच्यापुरता. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.५ टक्के घरकाम करतात, पुरुषांपैकी २७.१ टक्के. या तफावतीवर भरपूर लिहून झालंय, ते योग्यच आहे. इथे त्याच आकड्याचा वेगळा हिशेब मांडायचा आहे. या वेळात हात अडकलेले असतात, डोळेही बरेचसे अडकलेले असतात. कान मात्र रिकामे असतात.

इंग्रजी ऑडिओबुकांच्या धंद्यात एका तासाला ९,३०० शब्द असा ठोकताळा धरतात, म्हणजे मिनिटाला १५५. या वेगाने २८९ मिनिटांत जवळजवळ ४५ हजार शब्द कानावरून जातात. पाऊण लाख शब्दांची, म्हणजे साधारण तीनशे पानांची कादंबरी आठ तासांत संपते. दोन दिवसांच्या घरकामात सहज. मनातल्या मनात वाचणारा यापेक्षा वेगवान असतो. मार्क ब्रिसबार्ट यांनी १९० अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१९ मध्ये काढलेली सरासरी आहे मिनिटाला २३८ शब्दांची. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपल्याकडे शब्दांची गणती कमी भरेल, पण मुद्दा तोच राहतो. ऐकणं हे वाचण्यापेक्षा संथ आहे. फरक एवढाच की वाचायला वेगळा वेळ काढावा लागतो आणि ऐकायचा वेळ आधीच खर्ची पडलेला असतो.

'दिवसभर काम असतं, तेव्हा दिवसभर ऐकता येईल' हे गणित मात्र चुकतं. किती तास काम आहे यापेक्षा त्या कामात शब्द आणि आकडे किती आहेत, यावर सगळं अवलंबून आहे. १९७६ मध्ये कॉल आणि वेल्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना अक्षरांची मालिका क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली आणि त्याच वेळी मागे जर्मन उतारा लावून ठेवला. मुलांना जर्मन येत नव्हतं, उताऱ्याकडे लक्षही द्यायचं नव्हतं. तरी चुका वाढल्या. अर्थ कळो न कळो, बोलणं कानावर पडलं की मनातल्या मनात चाललेल्या उजळणीत ते घुसतं. जीएसटीच्या विवरणपत्रात एका कागदावरचा अक्षरं-आकडे मिळून पंधरा खुणांचा नंबर दुसरीकडे उतरवणाऱ्याच्या कानात मुलाखत चालू असेल, तर गडबड ठरलेली. ईमेल लिहिणाऱ्याचं, कोड तपासणाऱ्याचं तेच. हिंजवडीतल्या ऑफिसात हेडफोन लावून बसलेल्या माणसाने दिवसभरात सहा तासांचा पॉडकास्ट 'ऐकला' असं म्हटलं, तर त्यातले निदान चार तास तो नुसता वाजत होता असं मी धरून चालतो. उलट भाजी निवडणं, इस्त्री, शिलाई, पॅकिंग, बिडी वळणं या सवयीच्या कामांत भाषेला जागाच नसते.

ऐकलेलं वाचलेल्याइतकं डोक्यात शिरतं का, हा प्रश्न सारखा विचारला जातो. उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१६ मध्ये ९१ प्रौढांवर प्रयोग झाला. काहींनी एका युद्धकथेतला भाग वाचला, काहींनी ऐकला, काहींनी दोन्ही एकदम केलं. लगेच घेतलेल्या चाचणीत आणि दोन आठवड्यांनंतरच्या चाचणीतही तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०२२ मध्ये ४६ अभ्यास आणि ४,६८७ जणांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हाही एकूण निकाल जवळपास बरोबरीचाच लागला. पण त्याच तपासणीत एक खोच निघाली. वाचणाऱ्याला आपल्या गतीने वाचू दिलं, किंवा प्रश्न मजकुरात थेट न सांगितलेल्या गोष्टींबद्दल असले, की वाचन पुढे जातं.

असं का होतं ते कणीक मळताना कळतं. वाचताना डोळ्यांच्या दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा मागे जातात. निसटलेलं वाक्य आपण नकळत पुन्हा उचलतो. ऐकताना ही सोय नाही. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवलेला, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात, कुकरने नेमकी तेव्हाच शिट्टी दिली आणि खुनी कोण ते निसटलं. पंधरा सेकंद मागे जायचं तर करंगळीच्या पेराने पडद्यावर ठोसा मारावा लागतो, तो भलतीकडे बसतो आणि पुढचं प्रकरण सुरू होतं. त्यामुळे गुंतागुंतीचं वैचारिक पुस्तक घरकामात ऐकू नये असं माझं मत आहे. चरित्र, प्रवासवर्णन, गप्पा, रहस्यकथा यांना चार वाक्यं गळाली तरी फारसा धक्का बसत नाही.

वेग वाढवून ऐकण्याबद्दलही आकडा आहे. कॅलिफोर्नियात २३१ विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या वेगाने व्याख्यानांचे व्हिडिओ दाखवले. दुप्पट वेगापर्यंत गुण फारसे घसरले नाहीत, अडीचपटीला घसरले. माहितीपुरतं हे ठीक आहे. पण मिरासदारांचं किंवा शंकर पाटलांचं कथाकथन दीडपट वेगाने ऐकणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही. त्यातल्या थांब्यांवरच हशा बसलेला असतो.

हे सगळं मोबाइलमुळे सुरू झालं असं वाटत असेल तर १८६५ च्या क्युबात, हवानाला जाऊ. २१ डिसेंबरला 'एल फिगारो' या सिगार कारखान्यात कामगारांनी एक प्रथा सुरू केली. बाकीचे सिगार वळत असताना एकाने मोठ्याने वाचायचं, आणि त्याची बुडालेली मजुरी इतरांनी वर्गणी काढून भरायची. वर्तमानपत्रं वाचली गेली, कादंबऱ्या वाचल्या गेल्या, पुढे राजकारणही आलं. १८६६ मध्येच स्पॅनिश सत्तेने त्यावर बंदी घातली, पण प्रथा टिकली आणि स्थलांतरित कामगारांबरोबर समुद्र ओलांडून फ्लोरिडातल्या टँपापर्यंत पोचली. तिथे १९३१ मध्ये मालकांनी वाचकांना हटवलं. वाचक डाव्या विचारांचा प्रचार करतात हे कारण सांगितलं गेलं, कामगारांनी संप केला, आणि अखेर वाचकाच्या जागी रेडिओ आला. क्युबात मात्र वाचक अजून आहे; २०१२ मध्ये त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते पैशाचं कलम. श्रोत्यांनी स्वतः खिशातून पैसे दिले, म्हणून काय ऐकायचं ते त्यांनी ठरवलं.

बीबीसीने २३ जून १९४० ला कारखान्यांसाठी संगीताचा कार्यक्रम सुरू केला, दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. तिथे हिशेब उत्पादनाचा होता. टाळ्यांची जागा असलेलं एक लोकप्रिय अमेरिकन गाणं वगळावं लागलं, कारण कामगार हातातली अवजारं आपटून ताल धरायचे. आपल्याकडे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'कामगार सभा' होती. तिथला बाळ कुडतरकरांचा आवाज आजही अनेकांच्या कानात आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी जातं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखावर आहे. तिथे ऐकणारी आणि रचणारी एकच, एवढं सोडलं तर हात गुंतलेले आणि कान मोकळे हा मामला तोच.

मराठीत आता ऐकायला काय आहे? नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अॅप भारतात आलं ते इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीही घेऊन. तेव्हापासून मराठी ऑडिओबुकांना पैसे मोजणारा वर्ग तयार झाला. पॉडकास्टचं चित्र जरा वेगळं आहे. मराठीतल्या बऱ्याच लोकप्रिय गप्पा यूट्यूबवर, चित्रासकट असतात. समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या आणि दोन मोठे माइक बघायला कुणाला फुरसत नसते, पण डेटा त्याचाच जातो. ६४ केबीपीएसचा नुसता आवाज तासाला २९ एमबीच्या आसपास खातो. ४८० पिक्सेलचा व्हिडिओ अर्ध्या जीबीच्या घरात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये व्हिडिओ तीन तास चालेल, आवाज पन्नास तास. शिवाय पैसे न भरता यूट्यूब ऐकायचं तर पडदा उघडा ठेवावा लागतो, म्हणजे बॅटरीही गेली. मोफत वाटणारा हा प्रकार दिवसभर ऐकणाऱ्यालाच सगळ्यात महाग पडतो, आणि निर्मात्यांनी नुसत्या आवाजाची फीड दिली तर तो आपोआप स्वस्त होईल.

राहता राहिला आवाजाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी धरलेली मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलला. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. आता शिलाईच्या वर्कशॉपमध्ये आठ तासांचे सहा दिवस धरा, एकूण ४८ तास. अगदी ८० डेसिबलला ठेवलं तरी शुक्रवारी संध्याकाळी कोटा संपला. पण चार मशिनी एकदम चालू झाल्या की बोट आवाजाच्या बटणाकडे जातंच. तो ८३ वर गेला तर वीस तास, म्हणजे बुधवारची जेवणाची सुट्टी. हाक ऐकू यावी म्हणून एकच इअरफोन घालणाऱ्यांचं आणखी कठीण, कारण एका कानाने ऐकलेला आवाज दोन्ही कानांपेक्षा बारीक वाटतो आणि बटण वर सरकतं. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा सेटिंगमध्ये बांधून ठेवता येते. ती सकाळी, खोली शांत असताना बांधावी. मशिनी सुरू झाल्यावर बांधायला गेलात तर ती चार घरं वरच बसेल.