मुदतबाह्य डाव
फिर्यादीचा हक्क खरा, दस्तऐवज चोख, साक्षीदार हजर. परंतु दाव्याची मुदत टळलेली, आणि म्हणून मुन्सफाने तो खारीज केलेला, हा अनुभव नांदेड-लातूरकडील जमीनजुमल्याच्या तंट्यांत मुरलेल्या घराण्यांना नवा नाही. तथापि पटावर वजीर-हत्तीची सरशी असताना केवळ वेळ संपला म्हणून डाव गमावणे, हा न्याय आमच्या ओसऱ्या-पारांवरील बुद्धिबळास दीर्घकाळ अपरिचित होता. तेथे विचारास मुदत नव्हती, आणि प्रतिपक्षाच्या दिरंगाईवर बघ्यांच्या टोमण्यांखेरीज इलाज नव्हता.

युरोपात हा इलाज सापडला तो निव्वळ त्राग्यातून. 1851 च्या लंडन स्पर्धेत विल्यम्सच्या मंदगतीविषयी स्टॉन्टनने केलेली तक्रार विख्यात आहे. पुढे 1861 मध्ये अँडरसन-कोलिश सामन्यात वाळूची घटिकायंत्रे आणि 1883 मध्ये लंडनलाच जोडघड्याळे आली. मौज अशी की, अशा काही स्पर्धांत वेळ उलटल्यास डाव जात नसे, दंड भरावा लागे; 1906 साली न्यूरेंबर्गला मिनिटामागे एक मार्क असा दर होता. म्हणजे विचार करण्याची मोहलत विकत मिळे! वेळ संपून घड्याळावरील निशाण पडताच डाव गेला, हा नियम निष्ठुर खरा, परंतु त्या सावकारीपेक्षा तो मला अधिक न्याय्य वाटतो.

त्या निष्ठुरतेची परिसीमा म्हणजे जर्मनीचा बुद्धिबळपटू सेमिश. 1929 साली कार्ल्सबादला कापाब्लांकास नमविणारा, आणि झटपट डावांत निष्णात असूनही प्रदीर्घ डावांत घड्याळाचे भान हरपणारा हा गृहस्थ 1969 मध्ये, वृद्धापकाळी, ब्यूसुमचे 15 आणि लिंकोपिंगचे 13 असे सारे डाव वेळेअभावी हरला. याउलट 1942 च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत निशाण पडले रेशेव्हस्कीचे, पण पंचाने घड्याळ उचलताना उलटे फिरविले आणि हरल्याचा पुकारा केला तो प्रतिस्पर्धी डेन्करच्या नावाने. हरकत घेऊनही फैसला फिरला नाही.

जपानी गो खेळात 1938 साली होनिन्बो शुसाई यांच्या निरोपाच्या डावास प्रत्येकी 40 तास दिलेले होते व तो जूनपासून डिसेंबरपर्यंत चालला. आता ठरावीक वेळ संपल्यावर व्यावसायिक गोपटूसमोर सेकंद मोठ्याने मोजले जातात, आणि मोजणी पुरी होण्यापूर्वी सोंगटी न ठेवल्यास डाव जातो. बुद्धिबळात प्रत्येक खेळीगणिक थोडा वेळ परत देण्याची युक्ती फिशरच्या घड्याळाने 1992 मध्ये प्रचारात आणली. त्या सवलतीनेही तंगी पुरती मिटली नाही: जुलै 2025 मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा निर्णायक जलद डावात कोनेरू हंपीचे पाऊल चुकले ते घड्याळाच्या दडपणाखालीच.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत मात्र घड्याळाची खरी दहशत पटावर नसून परीक्षागृहात आहे. बहुपर्यायी प्रश्नांचा अखंड सराव हे ज्या लातूर पॅटर्नचे अंग, आणि ज्याच्या पावलावर नांदेडच्या शिकवण्या उभ्या राहिल्या, त्याच्या विद्यार्थ्यांना 2024 पर्यंत वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत सोडवावयाच्या 180 प्रश्नांस 200 मिनिटे मिळत होती. 2025 मध्ये सोडवावयाचे प्रश्न तेवढेच राहून मिनिटे 180 झाली, भौतिकशास्त्राचा भाग लांबला, आणि येणारी उत्तरे लिहावयाची राहून गेल्याची तक्रार घरोघर ऐकू आली. फिशरने दिलेली मोहलत त्या दालनात लागू नाही.