लग्नाच्या शेवटी छत्र्या आणि रुमाल घेऊन रस्त्यावर का नाचतात? न्यू ऑर्लीन्सच्या ‘सेकंड लाइन’ची गोष्ट

शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुलं अमेरिकेला गेली की तिकडच्या लग्नांचे व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ लागतात. त्यातला एक प्रकार पाहून घरातली मोठी माणसं हमखास विचारतात, “हे काय चाललंय?” जेवणं उरकलेली असतात, निघायची वेळ झालेली असते आणि अचानक हॉलमध्ये पितळी वाद्यांचा बँड शिरतो. नवरा-नवरी सजवलेल्या छत्र्या उघडून बँडच्या मागे उभे राहतात. पाऊस नाही, ऊन नाही, तरी छत्र्या! पाहुणे पांढरे रुमाल हवेत फिरवत रांगेत येतात आणि सगळं वऱ्हाड नाचत रस्त्यावर उतरतं. पुढे-मागे पोलीस, मध्ये मिरवणूक. दोन-चार चौक फिरून झालं की लग्न संपलं.

आपल्याकडे लग्नाचा शेवट रुखसतीनं होतो. मुलीच्या डोळ्यांत पाणी, आईचा हात सुटत नाही, सगळं हळूहळू शांत होतं. तिकडे शेवट इतका दणक्यात का? याचं उत्तर शोधायला गेलं तर ते लग्नाच्या मंडपात मिळत नाही. ते मिळतं कब्रस्तानात.

‘सेकंड लाइन’ म्हणजे काय?

ही प्रथा अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्स शहराची. मिसिसिपी नदीकाठचं हे शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलं, मधे ते स्पेनकडे होतं आणि १८०३ मध्ये अमेरिकेनं विकत घेतलं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली हजारो माणसं इथं राबली. रविवारी त्यांना थोडी मोकळीक असे. तेव्हा ती एकत्र जमत, ढोल वाजवत, गोल करून नाचत. १८१७ मध्ये शहरानं हे जमणं एकाच जागेपुरतं बांधून टाकलं. ती जागा पुढे ‘काँगो स्क्वेअर’ म्हणून ओळखली गेली. आज ती त्रेमे या वस्तीतल्या एका बागेत आहे.

मिरवणुकीत पुढे चालतात ते बँडवाले, मंडळाचे सभासद आणि ज्यांचं कार्य आहे ते घरचे लोक. ही झाली पहिली रांग. बँड ऐकून घराघरांतून बाहेर पडणारे, मागून नाचत येणारे बाकीचे सगळे म्हणजे दुसरी रांग, ‘सेकंड लाइन’. तिला आमंत्रण लागत नाही. शेजारी, मुलं, रस्त्यानं जाणारा कुणीही त्यात सामील होतो. पुढे त्या नाचाला आणि अख्ख्या मिरवणुकीलाच हे नाव पडलं. प्रसिद्ध जाझ वादक लुई आर्मस्ट्राँग लहानपणी अशाच मिरवणुकांच्या मागे धावायचे.

सुरुवात मय्यतीपासून

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण गरिबी आणि भेदभाव संपला नाही. आजारी पडलं तर डॉक्टर परवडायचा नाही. विमा कंपन्या काळ्या लोकांना दारात उभं करायच्या नाहीत. घरात कुणी वारलं तर दफनाचा खर्च कुठून आणायचा, हाच प्रश्न. मग या लोकांनी आपापल्या वस्तीत मदत मंडळं काढली. दर महिन्याला थोडी वर्गणी द्यायची; त्या पैशातून आजाऱ्याला औषधपाणी, विधवेला आधार आणि मेलेल्या सभासदाला इज्जतीनं माती. अनेक मंडळांनी कब्रस्तानात सभासदांसाठी सामाईक कबरीही बांधल्या. १८८४ मध्ये स्थापन झालेलं असं एक मंडळ, ‘यंग मेन ऑलिंपियन’, आजही मिरवणूक काढतं.

सभासदाच्या अंत्ययात्रेत बँडही मंडळच आणायचं. कब्रस्तानाकडे जाताना संथ, दुःखी धून. पावलं जड, कुणी नाचत नाही. दफन झालं, निरोप दिला की परतताना बँड एकदम ठेका बदलतो आणि लोक नाचू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. त्यांच्या मनात मात्र भाव असा की जो गेला तो या जगाच्या त्रासातून सुटला, आणि जे राहिले त्यांना उद्या पुन्हा उभं राहायचं आहे. डोळे पुसायचा रुमाल तिथेच हवेत फिरू लागतो.

मय्यतीबरोबर नाच-गाणं आपल्याला पटणारं नाही, आपला दस्तूर वेगळा आहे. पण वर्गणी, दफन, सामाईक कबर हे सारं आपल्याला परकं आहे का? कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम गावात जा. जमातीची देगी, जमातीच्या सतरंज्या, जमातीचा जनाजा, कब्रस्तानची देखभाल. लग्न असो की मय्यत, घरच्याला एकटं पडू द्यायचं नाही, हाच त्यामागचा हेतू. समुद्रापारच्या त्या काळ्या वस्त्यांनी नेमकं तेच केलं.

मग लग्नात कशी आली?

मंडळं वर्षातून एकदा आपली स्वतःची मिरवणूकही काढू लागली. एकाच रंगाचे सूट, पिसांचे पंखे, सजवलेल्या छत्र्या. आजही उन्हाळा सरत आला की सुरू होऊन पुढच्या जूनपर्यंत जवळपास दर रविवारी कुठल्या ना कुठल्या वस्तीत मंडळाची सेकंड लाइन निघते आणि चार-चार तास चालते. जी गोष्ट दुःखात साथ देते ती आनंदातही हवीच, म्हणून लग्नातही ती आली. कधी चर्चपासून हॉलपर्यंत, कधी सगळं आटोपल्यावर पाहुण्यांना निरोप देताना.

वाद्यं आपल्या ओळखीची आहेत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, अंगाभोवती गुंडाळलेला मोठा भोंगा, छोटा ड्रम आणि गळ्यात अडकवलेला मोठा ढोल. आपल्या लग्नातला ब्रास बँड आठवा. दोन्हीकडे हा बाजा लष्करी बँडांच्या वळणातून आला आणि दोन्हीकडे तो गरीब, मागे पडलेल्या समाजांनी पोटापाण्यासाठी उचलला. आपल्याकडच्या बँडवाल्यांत मुस्लिम घरं कमी नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आता मात्र हा धंदाही झाला आहे. दुसऱ्या राज्यांतली जोडपी खास न्यू ऑर्लीन्सला येऊन लग्न करतात. बँड भाड्यानं मिळतो, रुमालांवर नावं छापून मिळतात. शहराचा परवाना काढायचा, पोलीस बंदोबस्ताचे पैसे भरायचे, की रस्ता तेवढ्या वेळेपुरता तुमचा.

रस्ता कुणाचा?

खरा वाद इथं आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळ आलं आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. काळ्या वस्त्या उजाड झाल्या, माणसं देशभर पांगली. २००६ च्या जानेवारीत मंडळांनी पांगलेल्या लोकांना परत बोलावण्यासाठी मोठी सेकंड लाइन काढली. त्या दिवशी गोळीबाराची घटना घडली आणि शहरानं बंदोबस्ताची फी खूप वाढवली. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांना ती झेपेना. ती कोर्टात गेली आणि २००७ मध्ये तडजोड होऊन फी कमी झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्रेमे वस्तीत एका दिवंगत वादकाच्या आठवणीत लोक वाजवत निघाले होते. आवाजाची तक्रार झाली, पोलीस आले आणि दोन वादकांना अटक झाली. ज्या वस्तीनं ही प्रथा जन्माला घातली, तिथेच आपल्या माणसाला निरोप देणं गुन्हा ठरलं. आणि पैसे भरणाऱ्या पाहुण्यांच्या लग्नाला मात्र पुढे-मागे पोलीस! वस्तीतल्या लोकांच्या मनात ही सल आजही आहे.

आवाजाचा त्रास होतो हेही खरंच. आपल्याकडे डीजेच्या भिंतींमुळे म्हातारी माणसं, तान्ही बाळं, परीक्षेची मुलं हैराण होतात, ते आपण रोज बघतो. पण वस्तीच्या वर्गणीतून, शेजाऱ्याला सोबत घेऊन निघालेली मिरवणूक आणि कर्ज काढून शेजाऱ्याची झोप उडवणारी मिरवणूक यांत फरक करायलाच हवा.

आपण काय घ्यावं?

तुमच्या मुलाला किंवा भाच्याला अशा लग्नाचं बोलावणं आलं तर घाबरायचं कारण नाही. नाचायलाच हवं असा नियम नाही. रुमाल हातात घेऊन मागून चाललात तरी तुम्ही त्या रांगेतच असता. फोटोत बँडच्या पुढे घुसू नका, पुढची जागा घरच्यांची असते.

आणि व्हिडिओ पाहून ‘आपल्या वलीम्यातही असंच करू या’ असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी मंडळाच्या वर्गणीची गोष्ट सांगा. छत्र्या आणि रुमाल बाजारात मिळतील. पण आजाऱ्याचं औषध, गरिबाच्या मुलीचा निकाह आणि बेवारस मय्यतीचं कफन-दफन यांसाठी आपल्या मोहल्ल्याची जमात या महिन्यात किती पैसे जमा करू शकली, हे घरात बसल्या बसल्या विचारता येईल. न्यू ऑर्लीन्सच्या लोकांनी सुरुवात तिथूनच केली होती. बँड नंतर आला.